घोडा हलका करणारा माणूस

बंदूक हातात घ्यायच्या आधी बाई पदर कमरेला खोचायच्या, चष्मा पुसायच्या आणि मागं न बघता म्हणायच्या, "आता कुणी शिंकायचं न्हाई." झालं! नेमकी तेव्हाच आमच्या सगळ्यांच्या नाकात गुदगुली व्हायची.

बाई आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या, मी चित्रकलेचा मास्तर. उस्मानाबादेतून फुटून लातूरचा नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा म्हटला की काय काय लागतं! कलेक्टर आले, तशी नेमबाजीची संघटनाही आली. मोजके सभासद, एक जुनी पॉइंट टू-टू रायफल आणि अध्यक्ष म्हणून आप्पा, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते. त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, गावाबाहेरचं तळं कोरडंठाक. लोक टँकरमागं धावून राहिले होते आणि आम्ही तळ्यात पालथे पडून बांधाकडं नेम धरत होतो. लोक म्हणायचे, येड लागलंय. लागलंच होतं हो!

बाईंना पुण्याच्या राज्य स्पर्धेला जायचं होतं. "तिथल्या फळ्यावर आपल्या जिल्ह्याचं नाव बघायचंय मला," त्या म्हणायच्या. "लई दिवस उस्मानाबादच्या शेपटाला लटकलो."

पण रायफल अडून बसलेली. तिच्यात सुधारणा करायची तर आधी कोणती, यावर रोज भांडण.

"दुर्बीण बसवू," आप्पा म्हणाले. "चार पाव्हणे बघाया आले तर दिसलं पायजे."

"आप्पा," बाई म्हणाल्या, "घोडा एवढा जड हाय, की ओढेपर्यंत नळी उदगीरकडं वळते. दुर्बिणीतून उदगीर जवळ दिसंल, एवढंच! आधी खोड मोडू, मग नथ घालू."

बंदुकीच्या चापाला घोडा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आप्पांच्या नांदेडच्या मेव्हण्याला नव्हतं. आप्पांनी एसटीच्या कंडक्टरकडून त्याला निरोप धाडला, "बाईंचा घोडा जड झालाय. हलका करणारा माणूस पाठव."

थोड्याच दिवसांत शाळेच्या फाटकात एक फेटेवाला हजर. हा माळेगावच्या जत्रेत घोडे विकणारा, हे आम्हाला काय माहीत! बाईंना वाटलं, बंदुकीचा मिस्त्री आला.

"बाई, घोडा कुठाय?"

"कपाटात. कुलूप लावून ठेवलाय."

"कपाटात?" त्यानं फेटा सावरला. "खातो काय?"

"एका येळंला एकच गोळी."

"म्हंजे औषध चालू हाय. अन् पाणी?"

"पाणी लागू बी देत न्हाई. थेंबभर तेल, बस्स."

तो मटकन पायरीवर बसला. "बाई, दुष्काळ आमच्याकडं बी हाय. पण मुक्या जनावराचे असे हाल कुणी करत न्हाई हो!"

बाईंनी रायफल आणून चाप दाखवला. तो आधी चापाकडं बघत राहिला, मग बाईंकडं, आणि असा हसला की फेटाच सुटला. बाई तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकल्या. घोड्यासाठी आणलेला काढा आप्पांनी ठेवून घेतला, "मला बी जड वाटून राहिलंय" म्हणून. दुसऱ्या दिवशी आप्पा मोंढ्यात काही दिसले नाहीत.

पुढं खरा मिस्त्री आला, चाप लोण्यासारखा झाला आणि बाईंच्या गोळ्या लक्ष्यावर एकमेकींना चिकटून बसायला लागल्या. पुण्याला मी सोबत गेलो. बाई राज्यात तिसऱ्या आल्या! मी तिथंच उड्या मारल्या, वयाचा विचार न करता.

फळ्यावर बाईंचं नाव आलं. नावापुढं मात्र लिहिलं होतं, उस्मानाबाद.

"आमचा जिल्हा निराळा झालाय," बाई म्हणाल्या.

"असू द्या हो बाई, काय फरक पडतो?" तिथले एक गृहस्थ म्हणाले.

बाईंनी पदरानं तेवढं उस्मानाबाद पुसलं आणि खडू उचलला.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते, आणि येते ती अशीच. पांढराफटक झालेला पदर, वर्गातलं टपोरं अक्षर. अर्धा शब्द लिहून त्या थांबल्या आणि मागं वळून त्यांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, लातूरचा 'तू' दीर्घच ना?"

मी मान डोलावली.