गाडी फसू नये म्हणून

बेसबॉलचा सामना पावसामुळे बंद करायचा की नाही, हे कोण ठरवतं? नियम सोपा आहे. पहिला चेंडू पडेपर्यंत यजमानांनी ठरवायचं, त्यानंतर फक्त पंचानं. चिखलीतल्या त्या शालेय अंतिम सामन्याचा पंच मी होतो. म्हणजे सगळा अधिकार माझ्या हातात. कशात काय अन् फाटक्यात पाय!

एका बाजूला यजमान शाळेच्या मुली, दुसऱ्या बाजूला जानेफळकडच्या एका खेड्यातल्या. खेड्यातल्या मुली दोन रन्सनी पुढे होत्या, ते त्यांच्या पिचरमुळे. दहावीतली काटक पोरगी, तेल चापून घातलेल्या दोन वेण्या. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. तिच्या गावात शाळा दहावीपर्यंतच, आणि पुढं ज्या कॉलेजात जायचं तिथं हा खेळ कोणाला ठाऊक नाही. "मले हाच एक चान्स हाय सर," असं तिनं सकाळीच मला सांगून टाकलं होतं.

चौथा डाव चालू असताना भुरभुर सुरू झाली. पाच डाव झाल्याशिवाय निकाल धरत नाहीत, म्हणून सामना रद्द न करता मी खेळ फक्त जरा थांबवला. पिचरनं आभाळाकडं पाहिलं. "सर, हे वरवरचं हाय. दहा मिन्टात उघडते." तिच्या संघातल्या मुलींनी शेजारच्या गोठ्यातून सोयाबीनचं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, मागून आणून पसरलं, पोत्यांनी पाणी टिपलं, जागा खेळण्यासारखी केली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मंडपात निराळीच अक्कल पाजळणं चाललं होतं. मुख्याध्यापक मोबाईलवर हवामान वाचत होते. म्हणे संध्याकाळपर्यंत पाऊस. अहो, मान वर करून बघा की! संयोजक म्हणाले, भाऊ म्हणतील तसं. भाऊ म्हणजे प्रमुख पाहुणे. पिचर कोण आणि कॅचर कोण, हे विचारलं असतं तर त्यांना घाम फुटला असता. ते गळ्यातला हार सावरत समोसा खात होते. शेवटी बोलला तो त्यांचा ड्रायव्हर. भाऊंचे बूट मळू नयेत म्हणून त्यानं गाडी थेट मंडपाला लागून, काळ्या मातीत आणून उभी केली होती.

"भाऊ, निघा आता. अजून पानी आलं तं गाडी फसते."

झालं! संयोजकांनी माईक घेतला. "पंचांच्या निर्णयानुसार सामना रद्द करण्यात येत आहे." माझा निर्णय मला भोंग्यावरून कळला. आणि मी काय केलं? मान हलवली. वीस वर्षं पोरांना 'छाती पुढं, नजर समोर' शिकवणारा पीटीचा मास्तर, निव्वळ नंदीबैल. मग निकालासाठी दोन चिठ्ठ्या टाकल्या. भाऊंनी एक उचलली. यजमान शाळेचं नाव निघालं. टाळ्या वाजल्या.

गाडी फसलीच. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तोवर पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. मुख्याध्यापक, संयोजक आणि बाकीची थोर मंडळी इस्त्रीचे कपडे सांभाळत लांब उभी राहिली. संयोजकांनी मला खूण केली, आणि इतका वेळ बसलेला माझा आवाज एकदम फुटला. "चला गं पोरींनो, हात लावा!"

यजमान शाळेच्या मुली फोटोसाठी उभ्या होत्या. आल्या त्या खेड्यातल्या. त्यांनी गाडी ढकलली, गाडी निघाली, आणि भाऊंनी काचसुद्धा खाली केली नाही.

पिचरच्या तोंडावर चिखल उडाला होता. बाहीनं पुसत ती माझ्याकडं आली.

"सर, गाडी गेली. आता खेळू का?"

"मैदान ओलं आहे," मी म्हणालो.

 ती हातमोजा काखेत मारून एसटीकडं चालायला लागली. जाताना 'येते सर' म्हणाली नाही.