सीझन संपेपर्यंत

आमच्या टीमचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की समोरचा जपानी माणूस मान तिरकी करून नुसता "आऽऽ" म्हणतो, आणि त्या "आऽऽ"मधली कीव मला सहन होत नाही. यंदाचा सीझन म्हणजे नुसता डोक्याला ताप होता, एवढंच सांगतो. शनिवारी धो धो रन्स काढायच्या आणि रविवारी तीच माणसं आयुष्यात पहिल्यांदा बॅट हातात घेतल्यासारखी उभी. आमचा मुख्य पिचर एका आठवड्यात भल्याभल्यांना नाचवायचा, आणि पुढच्या आठवड्यात बॉल कुठे चाललाय हे त्याचं त्यालाच कळायचं नाही. लीगमध्ये सहा टीम. पहिल्या तिघांना पुढची फेरी, बाकीच्यांनी घरी बसायचं. आम्ही कधी दुसरे, कधी पाचवे. धड आशा सोडता येत नव्हती, धड धरता येत नव्हती.

ही टीम मला सासुरवाडीकडून मिळाली. सासरे जन्मभर तिचेच. ते गेल्या वर्षी गेले आणि सासूबाई गावाकडच्या घरात एकट्या राहिल्या. मार्चमध्ये बायकोने त्यांना शहरात, कोतो भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्या आल्या त्याच अट घालून. म्हणाल्या, "बेसबॉलचा सीझन संपेपर्यंत राहते." म्हणजे ऑक्टोबरपर्यंत. खोक्यांमधलं निम्मं सामान त्यांनी बाहेरच काढलं नाही. बायको जपानी असली तरी मराठी माझ्या आईकडून शिकलेली, त्यामुळे थेट डोंबिवलीचं बोलते. रोज माझ्या मागे लागायची, "अरे, तू तरी बोल ना आईशी. तिकडे एकटी पडली-बिडली तर कोण बघणार आहे?" मी काय बोलणार? माझं जपानी ऑफिसातलं. मीटिंग पुढे ढकलायला चांगलं. सासूला "राहा" म्हणायला त्यातलं एक वाक्य कामाचं नाही.

रविवारी दुपारी बायको मुलीला पोहायला घेऊन जायची. मग घरात मी, सासूबाई (मी त्यांना ओकासान म्हणतो, म्हणजे आई) आणि टीव्हीवर मॅच. त्या सोफ्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा आणि तेवढीच शांतता.

एप्रिलमधली गोष्ट. आम्ही हरत होतो. सासूबाई फळं कापायला उठल्या, स्वयंपाकघराचं सरकतं दार लावून घेतलं, आणि पुढच्याच बॉलला होमरन! तिन्ही बेसवर आमची माणसं, एका फटक्यात चार रन्स. मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो, "ओकासान, हलू नका! तिथेच थांबा!" आता हे आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना वनडेच्या दिवशी अख्खी मॅच जिन्यात बसवायचे, ते आत आले की विकेट जाते म्हणून. काका तिथून शिव्या घालायचे, चहा मागायचे, मधेच "ए, स्कोर सांगा रे मेल्यांनो!" म्हणून बोंबलायचे. सगळे हसायचे. ज्याला बाहेर काढलं तो भांडणार, हे त्यात धरलेलंच असतं.

सासूबाई भांडल्या नाहीत. आतून नुसतं "हाई", म्हणजे "हो", आलं. आम्ही ती मॅच जिंकलो.

पुढच्या रविवारी पहिला बॉल पडायच्या आत त्या स्वतःहून उठून आत गेल्या. मला वाटलं, असेल काही काम. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मी ठरवून टाकलं की यांना माझ्याबरोबर बसून बघायला आवडत नसणार. वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, रविवारी टीम बऱ्यापैकी जिंकत होती, त्यामुळे फार चौकशी करावीशीही वाटली नाही. दार बंद असलेलं मला बरंच होतं.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी आम्ही पाच रन्सनी पुढे असताना हरलो. पाच! पिचरच्या नावाने खडे फोडत मी पाणी प्यायला आत गेलो, तर सासूबाई फ्रीजपाशी उभ्या. हात समोर जुळवलेले, मान खाली.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "सहाव्या इनिंगला मी दार जरासं सरकवून बघितलं."

मी हसलो. मग बघितलं तर त्या हसत नव्हत्या.

ओट्यावर भांडी पुसून लखलखीत. पायाखाली पातळ उशी घातलेली, फरशी गार लागू नये म्हणून. आणि एका कानात सासऱ्यांच्या छोट्या रेडिओची वायर. या बाईने पाच महिने माझ्या घरात उभं राहून स्वतःच्याच टीमची मॅच नुसती ऐकली होती, आणि मी बाहेर पाय पसरून शेंगदाणे खात होतो. मला इतकी लाज वाटली की हातातला ग्लास तसाच राहिला. घरी आईला कळलं असतं तर तिने माझे कान उपटले असते.

"ओकासान, अहो, ती मस्करी होती!"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी कानातली वायर काढून रेडिओभोवती गुंडाळली. मग म्हणाल्या, "या घरात मला कुणी कशाला हात लावू देत नाही. आई, तुम्ही बसा. आई, राहू द्या. हे एक काम तुम्ही मला दिलंत." आणि पुढे, "रेडिओवर टीव्हीच्या आधी ऐकू येतं. होमरन मला आधी कळायचा. मग मी तुमच्या ओरडण्याची वाट बघत थांबायची."

बायको परत आल्यावर तिला सांगितलं तर ती खुर्चीत मटकन बसली. "तू माझ्या आईला उभं ठेवलंस? पाच महिने?" पुढचे चार दिवस मला घरात चहासुद्धा कुणी विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. सासूबाईंच्या हाती मात्र तिने दुसऱ्या दिवसापासून मुलीचा डबा सोपवला.

पण रविवारी त्या आतच जात राहिल्या. टीम तिसऱ्या-चौथ्या नंबरावर लोंबकळत होती, अशा वेळी काही बदलायचं नाही, म्हणाल्या. शेवटची मॅच उरली. जिंकलो तर तिसरे, हरलो तर संपलं. मॅच सुरू होताना त्यांनी रेडिओ उचलला आणि मी दारात आडवा उभा राहिलो.

"आज बाहेर बसायचं."

"आज नको," त्या घाबरून म्हणाल्या. "आज तरी नको. हरतील."

"हरू देत मेले," मी मराठीतच म्हणालो आणि त्यांचा हात धरून त्यांना सोफ्याच्या मधोमध आणून बसवलं. बायकोने त्या दिवशी पोहण्याला बुट्टी मारायला लावली होती, तीही मुलीला घेऊन शेजारी बसली. सासूबाई पाय दुमडून, अंग चोरून बसल्या होत्या. तिसऱ्या इनिंगपर्यंत त्यांनी श्वास घेतला की नाही कोण जाणे. पाचव्या इनिंगला आमचा एक जण बेसवर घसरत पोचला तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की मी कळवळलो. केवढ्याने ओरडतात त्या! मला कल्पनाच नव्हती.

हरलो. एका रनने. शेवटच्या इनिंगला दोन आऊट, दोन बेसवर माणसं, आणि आमच्या बॅटरने उंच मारलेला बॉल अगदी कुंपणापाशी झेलला गेला. टीव्हीवर आमचे खेळाडू टोप्या काढून वाकले. त्या आत उभ्या असत्या तर, असं एक क्षण माझ्या मनात आलंच, आणि मग माझाच मला राग आला.

सीझन संपला होता. बायको टीव्हीकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती.

सासूबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पुढच्या वर्षी मी कुठे बसायचं?"

बायकोने माझा दंड घट्ट धरला.

"इथेच," मी म्हणालो. "फक्त पाय खाली सोडून बसा. आज दुमडून बसलात, तेच नडलं."