सुमनवहिनीचा रांजण

वहिनी गेली, असं भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काही बी बोलू नको बे!" परवाच तर तिनं मला फोनवर चांगलं झापलं होतं, मी भाजीची देठं अजूनही रस्त्यावर फेकते म्हणून. अशी बाई झोपेतल्या झोपेत निघून जाते, कोणाला न सांगता... मला रडू यायच्या आधी राग आला. दीड महिना झाला, अजून येतोच आहे.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा वरवट बकालला मास्तर होता. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा दादानं गावाच्या कडेला जागेचा एक तुकडा घेतला. आमच्या घराण्यात कोणाच्या नावावर झालेली ती पहिली जमीन. दोन खोल्या उठल्या, पण अंगण म्हणजे निव्वळ मुरूम, कुदळ मारली तर ठिणगी उडावी असा. वहिनीनं पदर खोचला. "आपल्या जाग्यावर भाजी नाही निघाली त जागा कायले घेतली?" म्हणाली. ग्रामसेविका बाईंनी महिला मंडळात सांगितलं होतं, की गांडुळं स्वयंपाकघरातल्या कचऱ्याची माती करतात. तेवढं ऐकून ही घरी आली आणि तडा गेलेला एक रांजण ओसरीच्या कोपऱ्यात मांडला. तळाला भोक, त्यावर विटांचे तुकडे, वर पालापाचोळा आणि शेण. नाल्याकाठच्या जुन्या शेणखतातून ओंजळभर गांडुळं आणून सोडली, आणि रोजची सालं, देठं, चहाचा चोथा त्यात जाऊ लागला.

आमच्या मायचं डोकंच फिरलं. तिचंही खोटं नव्हतं. आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मायनं गावकीचं काम सोडलं होतं. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावाची घाण उचलायची नाही. त्यापायी गावानं मजुरी बंद केली, पाणी बंद केलं, पण ती हटली नाही. मी लहान होते, उपाशी निजल्याचं मला आठवतं. त्या बाईच्या डोळ्यांसमोर तिची सून दोन्ही हात सडक्यात घालायची!

"घाण सोडाले आम्ही उपाशी मेलो," माय कडाडली, "आन् तू मास्तराच्या घरात सडकं भरून राह्यली?"

"आत्याबाई, हे दुसऱ्याची घाण नाही. आपल्याच चुलीवरचं हाय," वहिनी म्हणाली. पण ऐकतंय कोण!

त्यात वहिनीनं घोळ घातला. रांजणाला मुंग्या लागल्या. ज्वारीच्या कणगीत किडा लागू नये म्हणून आपण कडूनिंबाचा पाला घालतो, तसा तिनं ओंजळी-ओंजळीनं हिरवा पाला रांजणात कोंबला. अगं, कणगीतला किडा आपल्याला नको असतो, रांजणातला हवा असतो! पाला आत तापला, कडू वाफ धरली, आणि गांडुळं जीव घेऊन बाहेर पडली. तीही नेमकी पौर्णिमेला, वस्तीतल्या बाया वंदनेसाठी ओसरीवर बसल्या असताना. रांजणाच्या काठावरून उतरून थेट सतरंजीवर! बाया किंचाळत उठल्या, मग हसत सुटल्या. "काऊन वो, मास्तरीणबाईनं आता गांडोळं पाळले काय?" माय तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन ती एस.टी.नं मोताळ्याला माझ्या घरी आली आणि म्हणाली, "त्या घरात तो रांजण राहीन, नाहीतर मी."

दादा समजूत काढायला आला. मी त्याला सरळ सांगितलं, फोडून टाक तो रांजण, मायपेक्षा मोठा आहे का? तो मान खाली घालून म्हणाला, "तुह्या वहिनीले सांगून पाह्य." वहिनीचं उत्तर ठरलेलं होतं. रांजण फोडायचा नाही, आणि मायला घरी आणायचं. तिनं सगळं उपसलं, रांजण धुतला, ग्रामसेविका बाईंना गाठून काय चुकलं ते विचारलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मुंग्या चढू नयेत म्हणून रांजण विटांवर चढवून विटा पाण्याच्या परातीत ठेवल्या. वस्तीतल्या बाया कुंपणावरून चिडवायच्या, "निघाले का वो तुमचे पाव्हणे?" आणि ही आतून ओरडायची, "जेवून राह्यले!"

मग एका बाजाराच्या दिवशी ती मोताळ्याला माझ्या दारात उभी राहिली, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, ज्वारी आणली असेल. तिनं मायच्या पुढ्यात बसून गाठ सोडली. आत काळी, भुसभुशीत माती.

"वास घ्या, आत्याबाई."

"जाय वो!"

"एक डाव घ्या. सडका आला त म्या रांजण माह्या हातानं फोडीन."

मायनं तोंड वाकडं करत चिमूटभर उचलली, नाकाशी नेली... आणि हात तिथंच राहिला. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात-वावरात राबलेली बाई ती, मातीचा वास तिला कोण शिकवणार? मग हळूच म्हणाली, "हे त वावर हाय वो, सुमन." तिनं पिशवीची गाठ स्वतः बांधली. मी म्हटलं, माय, जेवून तरी जा. तर म्हणते, "थांबाले येळ नाही. वांगे लावाचे हायत." पिशवी मांडीवर घेऊन ती दुपारच्याच गाडीनं सुनेसोबत गेली. मी दारात उभी राहून पोटभर रडले.

मायनं वहिनीचं तोंडावर कधी कौतुक केलं नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. पण पुढं कोणी केळीचं साल अंगणाबाहेर फेकलं, की सगळ्यात आधी तिचाच आवाज चढायचा. माय गेली, दादा गेला. रांजण दोनदा बदलला. गुडघे गेले तरी वहिनी स्टुलावर बसून त्यात हात घालायचीच.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा बाया तिला आंघोळ घालत होत्या. शेजारची एक पोरगी चांगल्या मनाची, काडी घेऊन वहिनीची नखं कोरायला बसली. बोटांच्या पेरांत आणि नखांत काळं साचलेलं होतं. "मास्तरीणबाई साफसुफ जायला पाह्यजेत," म्हणाली.

मी त्या पोरीचा हात धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "ती घाण नाही."

तशीच नेली आम्ही तिला.