ग्रॅहमच्या रायफलीची परीक्षा

ग्रॅहमच्या रायफलीत काहीही दोष नव्हता. इथे परदेशात, जॉन्सनव्हिलची आमची मराठी मंडळी वर्षभर कौतुकाने सांगतात, की "आजोबांनी खराब बंदूक नुसत्या नजरेने ओळखली!" ते साफ खोटं आहे. (आजोबा म्हणजे मी. पसरवलंही मीच.)

गेल्या वर्षी माझ्या मुलाला, निखिलला, ऑफिसच्या मित्रांनी पहिल्यांदाच सशांच्या शिकारीला बोलावलं होतं. लायसन्स होतं, रायफल नव्हती. ग्रॅहम नावाचा सत्तरीचा शेतकरी आपली जुनी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढची स्वतःच भरणारी रायफल, विकत होता.

"बाबा, नुसते सोबत या. बोलू नका."

"अरे, पुण्यात अर्ध्या पेठेच्या जुन्या स्कूटरी मी पारखून दिल्यात!"

"ही स्कूटर नाहीये, बाबा."

ग्रॅहमने शेडमधल्या टेबलावर रिकामी रायफल, बोल्टचा खटका मागे ओढून, गोळी आत जायची खाच उघडी ठेवून मांडली. निखिलने नळीत उजेड धरून पाहिला, गोळ्यांचं मॅगझिन चाचपलं. मी स्कूटरवाले प्रश्न विचारले.

"का विकताय?"

"डोळे अधू झाले."

"आधीचा मालक?"

"माझे वडील."

"कधी अडकली?"

"कधीच नाही, मेट!"

"मग एक मॅगझिन लागोपाठ झाडून बघतो," निखिल म्हणाला. "एकदाही अडकली नाही, तर घेतली."

तो निशाणाचा कागद लावायला बाहेर गेला. ग्रॅहम चहा करायला वळला. आणि माझ्या खिशात होती बायकोने दिलेली पुडी! "वस्तू घरात यायच्या आधी दोन अक्षता टाका हो." आता स्कूटरला दोन ठीक. शस्त्राला दोनच? मी चांगली चिमूटभर टाकली, वरून, त्या उघड्या खाचेवर. (नारळही आणला होता. फोडायला जागा सापडली नाही, हे ग्रॅहमचं नशीब!)

पहिली गोळी सुटली. दुसरी अडकली. निखिलने मोकळी केली, पुन्हा अडकली! ग्रॅहमचा चेहरा उतरला. "डॅडच्या हातात कधी असं..." निखिलने रायफल टेबलावर परत ठेवली. मी मात्र जोरात, "मी म्हणालोच होतो!" (म्हणालो नव्हतो.)

परतताना गाडीत खिशात हात घातला, तर पुडी रिकामी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला! पण तोवर निखिल फोनवर मित्रांना सांगत होता, "नाही जमणार रे. पण बाबा होते म्हणून वाचलो." आता अशा वेळी कोण बोलणार?

गेल्या रविवारी मात्र शिकारीचं आमंत्रण पुन्हा आलं, आणि निखिलचं पुन्हा "नाही" मला ऐकवेना. चहाच्या टेबलावर सगळं सांगून टाकलं.

"बाबा! बोल्टमध्ये तांदूळ?"

"मी दोनच म्हणाले होते!" बायको म्हणाली.

निखिलने ग्रॅहमला फोन लावला. पलीकडून असा हशा की मला टेबलापलीकडे ऐकू आला. साफ करताना त्याला तांदूळ सापडले होते. उंदरांनी साठवले समजून बिचारा वर्षभर शेडमध्ये पिंजरे लावत होता! कुंकू लावणारे उंदीर म्हणून त्याला जरा नवल वाटलं होतं, एवढंच. आणि उंदरांचं बिऱ्हाड असलेली रायफल विकायची कशी, म्हणून त्याने ती कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

"या शनिवारी," तो म्हणाला. "म्हाताऱ्यालाही आणा."

शनिवारी निखिलने मॅगझिन झाडलं. फट् फट् फट्, शेवटपर्यंत, कुठे अडकणं नाही. निखिल लहानपणी हसायचा तसा हसला.

पण त्याआधी ग्रॅहमने रायफल नव्हे, मला तपासलं. दोन्ही खिसे उलटे करून.