वाकडी रेघ पुसायची नाही

स्टुडिओत तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. पापणीवरची रेघ ती एका दमात ओढायची, आणि दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघायची कधी वेळच यायची नाही. सव्वीस वर्षं मेकअपच्या कामात गेली आणि मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही." म्हणजे पाहुणा कायमच्या मुक्कामाला आला होता.

स्टुडिओवाल्यांनी तिच्याकडून आधी डोळ्यांचं काम काढून घेतलं, मग ओठांचं. शेवटी ब्रश धुणं आणि सामानाच्या याद्या करणं तेवढं उरलं.

"आता पुरे," थोरली बहीण म्हणाली. दोघी एकत्रच राहायच्या. "हातपाय धड आहेत तोवर मानाने घरी बस."

"अगं, धड नाहीत म्हणूनच बसवतायत ना!" मावशी म्हणाली आणि डबा उचलून कामावर गेली.

त्याच आठवड्यात एक कपड्यांचा कारखानदार स्टुडिओत आला. त्याला नव्या कपड्यांचे बंडखोर फोटो हवे होते. फोटोग्राफर बाई तरुण होती, तिने मावशीलाही बैठकीत बसवलं. कारखानदाराने मोबाइलवर नमुने दाखवले. काळे ओठ, फाटक्या जीन्स, रागीट चेहरे.

"असं हवं," तो म्हणाला. "बंडखोर, पण घरच्यांनाही चालेल असं."

"म्हणजे दार आपटायचं, पण आवाज होऊ द्यायचा नाही," मावशी म्हणाली.

फोटोग्राफर बाईने हसू दाबलं. कारखानदार गेल्यावर ती म्हणाली, "मावशी, आखणी तुम्हीच करा. रंगवायला नवा मेकअपवाला आहे."

मावशीने चार दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. मीठ-साखरेचे डबे खुर्चीवर गेले. बहीण धुसफुसत उभ्याने चहा प्यायली. कागदावर चेहरे उमटत गेले. फाउंडेशन नाही, डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसू द्यायची. एका कानापासून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत एकच लाल रेघ. जॅकेट उलटं घालायचं, शिवणी आणि लोंबते धागे बाहेर. केस जेल लावून पार मागे.

फोटोंच्या दिवशी या केसांवरूनच पहिली ठिणगी पडली. मॉडेल मुलगी उंच, कान मोठे. ती केस पुढे ओढून कुजबुजली, "मावशी, कान झाकू या ना. लहानपणापासून झाकतेय."

"झाकून काय मिळालं?"

मुलीने मान चोळली. "मान आखडली," ती म्हणाली आणि दोघी खदखदून हसल्या. केस मागे गेले.

मग नव्या मेकअपवाल्याने लाल रेघ ओढली. सुरेख, कडेला जराही न फुटलेली. फोटोग्राफर बाईने चार फोटो काढले, पडद्यावर पाहिले आणि ओठ चावला. "छान आहे. पण साबणाच्या जाहिरातीसारखं दिसतंय."

मावशी उठली. कापसावर क्रीम घेऊन तिने ती रेघ पुसली आणि ब्रश हातात घेतला. एरवी ती डाव्या हाताने मनगट धरायची. आज तिने डावा हात पाठीमागे नेला.

"घाबरलीस तर सांग," ती मुलीला म्हणाली.

"तुम्ही घाबरलात का?"

"तुझ्यापेक्षा जास्त. डोळे मीट."

ब्रश टेकला. रेघ थरथरत निघाली, गालावर जाड झाली, नाकाच्या हाडावर अडखळली, पलीकडे उतरताना दोनदा तुटली. मावशीने रेघेला पुन्हा हात लावला नाही. मुलीने डोळे उघडले, आरशात पाहिलं आणि तिची हनुवटी आपोआप वर झाली. फोटोग्राफर बाई कॅमेऱ्यामागे गेली.

संध्याकाळी कारखानदार आला. "ही रेघ हललीय. संगणकावर सरळ करून घ्या."

"सरळ करायची असेल तर फोटोखाली माझं नाव नको," मावशी म्हणाली, "आणि माझी आखणीही नको. उलटी जॅकेटं सुलटी करा, कान झाका, आणि पुन्हा सगळं काढा."

"बाई, तुमचा हात थरथरतो म्हणून मी—"

"हात थरथरतो. मी नाही."

त्याने फोटोग्राफर बाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. "मी सरळ करणार नाही."

तो पाय आपटत गेला. अकरा फोटोंतले सात त्याने नाकारले, पण उरलेले चार जसेच्या तसे आपल्या कपड्यांच्या दुकानात लावले. कान आणि रेघेचा फोटो दुकानाच्या दर्शनी काचेवर पुरुषभर उंच लागला. खाली बारीक अक्षरांत मावशीचं नाव होतं. तेही तिने तीनदा फोन केल्यावर आलं. स्टुडिओवाल्यांनी डोळ्यांचं काम तिला परत दिलं नाही. तिनेही मागितलं नाही. पुढच्या फोटोंची आखणी मात्र तिने स्टुडिओच्या मालकाला न विचारताच टेबलावर मांडली.

रविवारी थोरल्या बहिणीला घेऊन ती दुकानापुढे गेली. एक बाई काचेपाशी थांबून नवऱ्याला सांगत होती, "बघा हो, चांगल्या पोरीच्या तोंडाचं काय करून ठेवलंय!"

बहिणीने घाईने मावशीची बाही ओढली. मावशी हलली नाही.

"मी केलंय," ती म्हणाली. "तुम्हालाही करून देऊ का?"