लांडगी

मी पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी रानातल्या जनावरांची हुबेहूब चित्रं काढते. काळवीट, तरस, कोल्हा काढले तेव्हा कुणी काही बोललं नाही. लांडगा काढायला घेतला आणि घरात भांडण पेटलं.

मोठ्या दिरांची शेरडं आहेत. त्या हिवाळ्यात लांडग्यांनी माळावरून त्यांची तीन करडं नेली होती. पडवीत येऊन ते चित्रासमोर उभे राहिले.

"माझ्या घरात ह्याचा फोटू कशाला?"

"भावजी, घर माझंही आहे."

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर चित्रातल्या डोळ्यांवर चुन्याचे फराटे. मी चुना पुसला, डोळे पुन्हा रंगवले आणि चित्र मुद्दाम त्यांच्या दारासमोर टांगलं.

आठवड्याभराने सकाळी त्यांनी अंगणात पोतं उलटं केलं. मेलेली लांडगी बाहेर पडली. तोंडाला फेस होता.

"घ्या, बाई. लई हौस हाय ना? आता जवळून काढा."

"विष घातलंत?"

"मेलेली घावली."

"आता वाढवू नकोस," नवरा मला म्हणाला. मी वनखात्याला फोन केला. मग वही आणून तिच्याशेजारी बसले. इतकी वर्षं लांडगे लांबून, कॅमेऱ्यातूनच पाहिले होते. टांगलेल्या चित्रात कान मी उगाच टोकदार काढले होते. हिचे दात झिजलेले होते आणि सड दुधाने तटतटलेले. राग होताच. तरी काढताना मला आनंदही होत होता, त्याची अजून लाज वाटते. दीर ओट्यावर बसून बघत होते.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा करून लांडगी घेऊन गेली. मेलेली घावली, एवढंच दिरांनी त्यांनाही सांगितलं. पुढे काही झालं नाही. आमच्या चुली मात्र वेगळ्या झाल्या, अंगणात मधोमध पत्रे उभे राहिले.

त्या रेखाटनांवरून मी मोठं चित्र केलं. एक दिवस मोठ्या जाऊबाई एकट्याच पलीकडून आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हिची पिल्लं असतील की गं."

"असतील."

"मग तीबी मेली असतील."

"ते तुमच्या मालकांना सांगा," मी म्हणाले.

"सांगितलंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.