रावसाहेब पाहणीला निघाले

कचेरीत तीस वर्षं काढली की माणसाला पेन्शन मिळते आणि किस्से मिळतात. पेन्शन महिन्यातून एकदा. किस्से मात्र पारावर कोणी ना कोणी रोज मागतंच.

इंग्रजी अमदानीत मी पूर्व खानदेशातल्या एका मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो. हे किस्से एकाच कोरड्या वर्षाचे. नियम असा, की पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. मामलेदारांनी गावात जाऊन पीक बघायचं, आणि ते चार आण्यांच्या आत ठरलं तर गावाचा शेतसारा तहकूब. आमचे मामलेदार म्हणजे रावसाहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त सावकाश होता.

*

पाऊस मोजायचं यंत्र कचेरीच्या अंगणात, तुळशीला लागून. शिपाई गोविंदा भाविक, रोज तुळशीला तांब्या ओतायचा, आणि हात जरा सैल, पाणी शेजारीही पडायचं. मी इमानदारीत रोज आकडा लिहायचो.

वरून विचारणा आली, "पाऊस तर बरा दिसतो. पीक का बुडालं?"

गोविंदाचा तांब्या सापडला. पण नोंदलेला पाऊस खोडायचा अधिकार कोणाचा? ते विचारायला आम्ही वर पत्र पाठवलं.

*

पहिल्या गावानं रावसाहेबांसाठी खापरावरचे मांडे केले. तूप घराघरातून चमचा-चमचा गोळा केलेलं. रावसाहेब पोटभर जेवले आणि परतताना मला म्हणाले, "एवढं तूप खाणाऱ्या गावात दुष्काळ कसा लिहू हो?"

लिहिले सहा आणे.

*

ही बातमी पुढच्या गावात आमच्या आधी पोचली. तिथे साधा चहासुद्धा नाही. सगळे फाटक्या कपड्यांत रांगेनं उभे.

रावसाहेब चिडले. "ही सोंगं मला दाखवू नका. जा, कपडे बदलून या."

दुसरे कपडे कोणाकडे नव्हतेच. थोड्या वेळानं रावसाहेबच मान खाली घालून निघाले.

*

तिसऱ्या गावचे नाना. पाहणीपर्यंत एक तरी वावर, म्हणजे शेत, न कापता उभं हवं, नाहीतर बघायचं काय? गावानं रस्त्याकडेचं नानांचं वावर ठरवलं. बाकीच्यांनी दाणा न भरलेली ज्वारी कापून ढोरांना घातली. नानांच्या दोन बैलांना मात्र घरच्याच वावरातून काठीनं हाकलावं लागे.

पाहणी पुढे गेली, कधी मोठ्या साहेबांचा मुक्काम म्हणून, कधी रावसाहेबांच्या घरचं लग्न म्हणून. नाना दर वेळी चालत कचेरीत यायचे. "रावसाहेब कव्हय येतीन?"

"लवकरच," मी म्हणायचो. याची मला आजही लाज वाटते.

एकदा म्हणाले, "एक बैल बसेल शे. उठत नही."

"मग थोडं कापा ना, नाना."

"बठ्ठा गावनं काम शे, भाऊ." सगळ्या गावाचं काम, ते एकट्यानं कसं मोडणार?

त्यानंतर ते आलेच नाहीत.

शेवटी रावसाहेब घोड्यावर बसून पोचले. नानांनी कणीस तळहातावर चोळून दाखवलं. नुसता भुसा. दीड आणा ठरला, सारा तहकूब झाला, लोकांनी हात जोडले. रावसाहेबही खूश. "नाना, तुमच्यामुळे गाव सुटलं. कापा आता, बैलांना घाला."

नानांनी विळा घेतला. एक पेंढी कापली, नीट बांधली, आणि रावसाहेबांच्या घोड्यापुढे नेऊन ठेवली.

"आते यालेच खाऊ द्या, रावसाहेब."